बर्फ नसताना स्काऊटच्या पोरांची स्लेज शर्यत घ्यायची कशी? (जानेवारी, दोन दिवसांचं शिबिर, सातारा)

कोरेगाव_स्काऊटर:

नमस्कार मंडळी. मी कोरेगाव तालुक्यातल्या एका हायस्कूलला शिक्षक आहे, तीन वर्षं झाली शाळेचं स्काऊट पथक माझ्याकडं आहे. 32 पोरं, आठ-आठचे चार संघ. दरवर्षी आमचं हिवाळी शिबिर म्हणजे तंबू उभारणं, गाठी, बिना भांड्याचा स्वयंपाक, रात्री शेकोटी आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरी, पोरं आनंदानं येतात पण नववीच्या पोरांना आता तेच तेच वाटायला लागलंय हे त्यांच्या तोंडावरनं कळतंय.

झालं काय की दिवाळीच्या सुट्टीत एका पोरानं मोबाईलवर अमेरिकेतल्या स्काऊटचा व्हिडिओ बघितला, बर्फात सात-आठ पोरं मिळून लाकडी स्लेज (बर्फावरनं घसरत जाणारी बिनचाकी गाडी) ओढतायत, मधी मधी थांबून आग पेटवतायत, कुणाला पट्ट्या बांधतायत, परत पळतायत. त्यानं तो सगळ्यांना दाखवला आणि तेव्हापासनं रोज "सर आपण पण करूया की" चाललंय. मलाही मनापासनं करायचंय. पण बर्फ कुठनं आणायचा? कुणी म्हणलं कासला न्या पठारावर ओढायला मोकळी जागा आहे, कुणी म्हणलं पाचगणीचं टेबललँड, एकानं तर महाबळेश्वरला वेण्णा लेककडं सुचवलं कारण तिथं पहाटे दव गोठतंय. गाडीला चाकं लावायची का, का घसरतीच ठेवायची, आठवीतल्या पोराला किती वजन झेपतंय, काहीच अंदाज नाही.

आणि एक मनात सलतंय ते पण सांगतो. मागच्या वर्षी एका ठिकाणी हॉलमध्ये मुक्काम होता, नुसत्या फरशीवर सतरंज्या टाकून पोरं झोपवली आणि पहाटे दोघं जण अशी कुडकुडत होती की मी पुरता घाबरलो. आमच्याकडं जानेवारीत पारा दहाच्या आसपास येतो, उघड्यावर त्याहून गार. यावेळी तसं होऊ द्यायचं नाही. ज्यांनी असलं काही केलंय त्यांनी सविस्तर लिहा, लांब लिहिलं तरी चालेल.

वाईकर_मिनेसोटात:

सर नमस्कार, मी मूळची वाईची, बरीच वर्षं मिनेसोटात आहे, माझा मुलगा इथल्या स्काऊटमध्ये आहे आणि त्या व्हिडिओतला प्रकार मी चार हिवाळे जवळनं बघितलाय. त्याला क्लोंडाइक डर्बी म्हणतात. इथं 1949 पासून हे चालू आहे. नाव आलंय ते कॅनडातल्या युकॉन भागातल्या क्लोंडाइक नदीवरनं, तिथं 1896 मध्ये सोनं सापडलं आणि पुढच्या दोन वर्षांत साधारण लाखभर माणसं घरदार सोडून तिकडं निघाली, पोचली त्यातली निम्मी सुद्धा नाहीत. वाटेतल्या चिलकूट खिंडीवर कॅनडाचे पोलीस उभे असायचे आणि वर्षभराचं अन्न बरोबर असल्याशिवाय पुढं सोडायचे नाहीत. अन्न, तंबू, हत्यारं सगळं धरून माणशी जवळजवळ एक टन वजन व्हायचं. एका फेरीत ते नेणं शक्यच नाही, म्हणून थोडं न्यायचं, टाकायचं, परत मागं यायचं, असं तीस-तीस चाळीस-चाळीस वेळा. ज्याला कुत्री परवडत नव्हती तो स्वतः स्लेज ओढायचा.

हे एवढं लांबण लावलं कारण पोरांना हे कळलं की खेळ बदलतो. व्हिडिओत पळापळी दिसते, पण दिवसभराचे मार्क पळण्याला नसतात. प्रत्येक संघाच्या स्लेजवर त्यांचंच सामान असतं, प्रथमोपचाराची पेटी, दोर, ब्लँकेट, होकायंत्र, भांडं, सरपण. वाटेत आठ-दहा थांबे असतात, त्यांना गावांची नावं देतात, प्रत्येक गावाला एक 'महापौर' म्हणजे कुणीतरी मोठा माणूस, तो संघापुढं अडचण ठेवतो. बर्फ फुटून माणूस पाण्यात पडलाय, दोर टाकून काढा. याचा पाय मोडलाय, स्लेजवरच बांधून पुढच्या गावाला न्या. दोन उंचीवर दोन सुतळ्या बांधल्यात, खालच्या सुतळीच्या वर लाकडं न रचता आग पेटवून वरची सुतळी जाळा. कसं केलं, एकमेकांशी कसं बोलले, सगळ्यांना काम मिळालं का, हे बघून महापौर सोन्याचे खडे देतो, म्हणजे रंगवलेले दगड. संध्याकाळी खडे मोजतात. निव्वळ पळायची शर्यत सगळ्यात शेवटी असते आणि तिचं बक्षीस वेगळं.

माझा मुलगा पहिल्या वर्षी रडत परत आला होता कारण त्यांच्या संघानं आगपेटी पिशवीत न ठेवता खिशात ठेवली आणि ती घामानं ओली झाली, तीन थांब्यांवर शून्य. पुढच्या वर्षी त्यानं स्वतः बसून यादी केली आणि काड्या झाकणाच्या डबीत भरल्या. मी कितीही सांगितलं असतं तरी झालं नसतं ते.

तर सर, बर्फाच्या मागं लागू नका. बर्फ इथं आहे म्हणून हे लोक बर्फावर ओढतात इतकंच.

तासगाव_निवृत्त_मास्तर:

वाईच्या ताईंनी बरोबर नस पकडली. मी तासगाव तालुक्यात 26 वर्षं स्काऊट चालवलं, आता निवृत्त आहे. बर्फाची शर्यत हे नाव आम्हाला ठाऊक नव्हतं पण ओढायचा खेळ आम्ही खूप खेळवला, त्यातलं जे टिकलं ते सांगतो.

पहिल्यांदा चाकाची गाडी करून बघितली. बेअरिंगची गाडी डांबरावर पळती, रानात चाक रुततं आणि पोरं गाडी उचलूनच चालतात. मग लाकडी फळीला खाली दोन पट्ट्या ठोकून घसरती केली, रान मारल्यावर फळी फिरवतात तशीच, पण मातीवर लाकूड घासलं की निम्मं वजन नुसत्या घासण्यातच जातंय, बर्फावर तसं होत नाही कारण तिथं पट्टीखाली पाण्याचा पातळ थर होतो. 40 किलोची स्लेज बर्फावर दोन पोरं हसत ओढतील, तीच आमच्या काळ्या रानात आठांना घाम फोडती.

शेवटी जमलं ते असं. दोन लांब बांबू घ्यायचे, 10-11 फुटाचे. पुढची टोकं जवळ, मागची फाकलेली, इंग्रजी ए अक्षरासारखं. मधी तीन-चार आडव्या काठ्या, प्रत्येक जोडाला स्क्वेअर लॅशिंग, म्हणजे आडव्या-उभ्या काठ्या दोरानं आवळून बांधायची पद्धत. त्या आडव्या काठ्यांवर पोतं ताणून बांधायचं आणि त्यावर सामान. पुढची टोकं पोरांच्या हातात, मागची दोन टोकं जमिनीवर घासत येतात. अमेरिकेच्या माळरानावरचे मूळ रहिवासी चाक नसताना असंच सामान न्यायचे, आधी कुत्र्यांना जोडून, पुढं घोड्यांना. याला बर्फ लागत नाही, रस्ता लागत नाही, फक्त दोन टोकं जमिनीला टेकतात आणि काही वजन पोरांच्या हातावर येतंय म्हणून घासणं कमी. आणि सर, यातली मोठी गोष्ट म्हणजे खिळा एक पण नाही. लॅशिंग ढिलं असेल तर शंभर पावलात गाडी उसवती. वर्षभर फळ्यावर गाठी शिकवून जे डोक्यात जात नाही ते तिथं एका फेरीत जातंय. वाटेत जखमी माणसाचा थांबा आला की सामान उतरवायचं आणि त्याचंच स्ट्रेचर.

दोर ओढायचा तर मनगटाला, कमरेला, गळ्यात अडकवू देऊ नका. कासऱ्याच्या टोकाला आडवी काठी बांधा जू सारखी, दोघं दोघं ती छातीशी धरतील, कुणी पडला तर हात सोडला की मोकळा. वजन आठवी-नववीच्या आठ पोरांना 25 किलो पुष्कळ झालं. जास्त घातलं की थोराड पोरंच ओढतात आणि बारकी नुसती मागनं पळतात, मग संघ म्हणून काय राहिलं.

थांबे तुमच्या मुलखातले करा. आमच्या सांगली जिल्ह्यानं 2019 चा महापूर बघितलाय, पोरांनी आपल्या घरात पाणी शिरताना बघितलंय, त्यांना बर्फात बुडणाऱ्या माणसाचं काय सांगायचं? आमचा शेवटचा थांबा 'पाणी वाढतंय' असा असायचा. एका खोलीत 30 वस्तू मांडून ठेवायच्या, त्यात आजीची बीपीची गोळी, रेशनकार्ड, सातबारा, टीव्ही, तांदळाची पिशवी, बाळाचं दूध, भांड्यांचा ढीग, आणि संघाला चार मिनिटं. काय घेतलं, काय सोडलं, ते गाडीवर कसं बांधलं की पाण्यात भिजणार नाही, आणि का, हे संघनायकानं सांगायचं. एकदा एका सातवीतल्या पोरानं सगळं सोडून आधी चार्जर आणि दाराची किल्ली उचलली. मी विचारलं का रं, तर म्हणला गेल्या खेपेला चार दिवस आमचा फोन बंद होता आणि मामा आम्ही गेलो असं समजून रडत होता. मला पुढं काही विचारता आलं नाही.

तसंच दोर फेकून बुडणाऱ्याला ओढायचा थांबा ठेवाच. कृष्णाकाठची पोरं आहेत, विहिरी आहेत, कॅनॉल आहे. बोलाइनचा (ओढला तरी न आवळणाऱ्या गाठीचा) फास करून 10 मीटरवर ठेवलेल्या टायरवर टाकायचा. पाण्यात उडी मारायची नाही, आधी दोर, काठी, डबा काय मिळेल ते फेकायचं हे हाडात मुरलं पाहिजे.

आणि सोन्याच्या खड्याऐवजी आम्ही हळकुंडं द्यायचो. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आमचं सोनं तेच.

वाळव्याचा_ऊसकरी:

मास्तर लय भारी लिहिलंय. मी स्काऊटमध्ये नव्हतो पण लहानपणी नारळाच्या झावळीवर एकाला बसवून बाकीच्यांनी ओढायचं हे रोजचं होतं आमचं. सर एक सांगू का, जानेवारीत आमच्याकडं कारखाने जोरात असतात, तोडणी झालेल्या रानात पाचट (उसाचा वाळका पाला) मुबलक पडलेलं असतंय. पाचट वाळल्यावर जाम निसरडं होतंय, त्यावर चालताना माणूस घसरतंय. मैदानात पाचटाचा वीतभर थर दिला आणि त्यावर घसरती फळी ओढली तर बर्फासारखीच जाती, मी शेणखताच्या पाट्या तशा ओढल्यात. फक्त तोडलेल्या रानातच शर्यत घेऊ नका, उसाची खोडकी तिरकी तुटलेली असतात, पायात घुसली तर टाके पडतात.

आणि शेवटची शर्यत बैलगाड्यासारखी घ्या, गट, सेमी, फायनल, चाकोऱ्या आखून, झेंडा पंच ठेवून. पोरांना नियम समजवायची गरजच पडणार न्हाई.

तासगाव_निवृत्त_मास्तर:

पाचटाची कल्पना चांगली आहे, मला कधी सुचली नाही. चाकोऱ्या आणि झेंडा पण घ्या. पण गट-सेमी करून हरलेल्यांना बाहेर बसवू नका. चारच संघ आहेत, चौघंही प्रत्येक फेरीत पळू द्या. शिबिराला आलेलं पोरगं अर्धा दिवस काठावर उभं राहून टाळ्या वाजवत असेल तर ते शिबिराला आलंच नाही.

यवतेश्वर_डोंगरवाट:

सर, जागेबद्दल लिहितो, हे कृपा करून मनावर घ्या. मी साताऱ्याचाच, वणवा विझवायला जाणाऱ्या पोरांमधला.

कास नको. ते 2012 पासून जागतिक वारसा यादीत आहे एवढ्यासाठीच नाही. तिथं जांभ्या कातळावर मातीचा अगदी पातळ थर आहे आणि जानेवारीत वरनं वाळलेलं दिसत असलं तरी फुलांचे कंद आणि बिया त्याच थरात झोपलेल्या असतात, 32 पोरं दोन दिवस तिथं बांबू घासत फिरली तर ती जागा सप्टेंबरला उघडी पडेल. टेबललँडवर कातळ खडबडीत, घोडे, पर्यटक, मुलं पडली की सोलवटणार. वेण्णा लेकला दव गोठतंय ते गवताच्या पात्यावर आणि गाड्यांच्या टपावर, त्यावर काही ओढता येत नाही.

आता आगीचं. जानेवारीत आपल्या डोंगरावरचं सगळं गवत वाळून कोळ झालेलं असतं. अजिंक्यतारा, यवतेश्वर, दरवर्षी वणवे लागतात आणि त्यातले बहुतेक माणसाच्या हातानं. त्यामुळं डोंगरावर, गडावर, पठारावर आगीचा थांबा आणि शेकोटी नकोच. सुतळी जाळायचा खेळ लोखंडी घमेल्यात घ्या, खाली माती, शेजारी पाण्याच्या दोन बादल्या, ओली पोती, आणि एक मोठा माणूस जो तिथनं हलणार नाही. पाचट आणणार असाल तर पाचट मैदानाच्या एका टोकाला आणि आग दुसऱ्या टोकाला, वारा कुठनं वाहतोय ते बघून, आणि शर्यत झाली की पाचट लगेच गोळा करून न्या, रात्रभर पडू देऊ नका. गडाच्या कड्याला, झाडांना आग्या मोहोळं असतात, खाली धूर झाला की ती उठतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि परत बघायचं नाहीये.

सपाट, गावाजवळचं, पाण्याची टाकी आणि गाडी यायला रस्ता असलेलं रान बघा. वनखात्याच्या हद्दीत जायचंच असेल तर लेखी परवानगी आधी.

मिरज_गाईड_कॅप्टन:

सर, पहाटेच्या कुडकुडण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. मी मुलींच्या गाईड पथकाची कॅप्टन आहे. तुमच्या त्या दोन मुलांना थंडी वरनं नाही, खालनं लागली. फरशी अंगातली ऊब ओढून घेते, वर चार पांघरुणं टाकली तरी उपयोग नाही. आम्ही खाली कडबा किंवा भाताचा पेंढा चांगला वीतभर पसरतो, त्यावर ताडपत्री, मग सतरंजी. आणि प्रत्येकीला घरनं घोंगडं आणायला सांगतो. आटपाडी, जत, तुमच्याकडं माण-खटाव, इथं अजून घरोघरी घोंगडी आहेत, आजोबांच्या ट्रंकेत पडलेली असतात. लोकर ओली झाली तरी ऊब धरते, सुती चादर ओली झाली की उलट जास्त गार करते. नवीन घोंगड्याला चिंचोक्याची खळ असते, ते टोचतं, म्हणून आत जुनी साडी लावायची.

दुसरं म्हणजे घाम. स्लेज ओढून मुलं घामाघूम होणार आणि तशाच कपड्यात शेकोटीला बसणार, तिथंच आजारपण. ओढताना स्वेटर काढून कमरेला, थांबलं की लगेच अंगात, आणि झोपायच्या आधी बनियनपासून मोज्यांपर्यंत सगळं कोरडं. ही तपासणी संघनायकाकडनं करून घ्या, तुम्ही 32 जणांना बघू शकणार नाही. डोकं पांघरुणात घालून झोपू देऊ नका, श्वासाच्या वाफेनं आतनं ओल येते, कानटोपी घालून तोंड बाहेर. झोपताना गूळ-शेंगदाणे आणि गरम पाणी.

हुडहुडी भरलेलं मूल ओळखणं सोपं असतं, भीती त्याची नाही जास्त. गप्प झालेलं मूल बघा. शर्टाचं बटण लावायला सांगा, बोटांना जमत नसेल, बोलणं जड झालं असेल, अडखळत चालत असेल तर खेळ थांबवा, ओले कपडे काढून कोरड्या घोंगड्यात गुंडाळा, शुद्धीत असेल तर गोड चहा घोट घोट. हातपाय चोळायचे नाहीत, एकदम आगीजवळ न्यायचं नाही. आणि कुडकुडणं थांबून गुंगी यायला लागली तर बरं वाटतंय असं समजू नका, सरळ दवाखाना.

आणि एक विनंती, तुमच्या शाळेत गाईडच्या मुली असतील तर त्यांचेही संघ घ्या. त्यांच्या बाथरूमची आणि मुक्कामाची सोय नीट करा, सोबत दोन शिक्षिका असू द्या, पालकांना आधी बोलवून जागा दाखवा. आमच्याकडं पालक नाही म्हणतात ते थंडीला किंवा खेळाला घाबरून नाही, सोय कळत नाही म्हणून.

कोरेगाव_स्काऊटर:

सगळ्यांचे मनापासून आभार, मी तीन रात्री हे सगळं परत परत वाचलं, मुलांना पण वाचून दाखवलं. चिलकूट खिंडीची गोष्ट सांगितल्यावर वर्ग एकदम शांत झाला होता आणि मग एकानं विचारलं, सर मग परत मागं यायचं म्हणजे राखणीला कोण थांबायचं, यावर अर्धा तास चर्चा झाली.

काल रविवारी शाळेच्या मैदानावर करून बघितलं. एका संघाला बांबूची गाडी, एकाला पाचटावर घसरती फळी. पाचटावरची खरंच सुसाट जाते पण थर सरकला की मातीला लागून जागेवर थांबते आणि मागचा पुढच्यावर आदळतो, म्हणून ती फक्त शेवटच्या छोट्या शर्यतीला ठेवतोय, 40 मीटर. दिवसभराच्या फेरीला बांबूचीच. पहिल्या प्रयत्नात साठ-सत्तर पावलांवर मागची आडवी काठी सुटली, सगळं सामान खाली. मी पुढं होणार होतो पण मास्तरांचं आठवलं आणि थांबलो. माझ्या पथकात आठवीतला एक मुलगा आहे, तो वर्गात तोंड उघडत नाही, तो खाली बसला आणि म्हणाला क्लोव्ह हिचनं (लॅशिंगच्या पहिल्या गाठीनं) सुरवातच केली नाही तुम्ही, सोडा सगळं, आणि त्यानं स्वतः बांधून दाखवलं. ती गाडी नंतर मैदानाला चार चकरा मारून पण सुटली नाही.

जागा पण ठरली. एका पालकांचं सोयाबीन काढून मोकळं असलेलं रान आहे, धसकटं होती ती त्यांनी रोटर मारून फळी फिरवून सपाट करून देतो म्हणालेत, शेजारी विहीर, वस्ती आणि डांबरी रस्ता. कडबा तेच देणार आहेत. कासचा विषय संपला. मुलींचे दोन संघ घेतोय, मुख्याध्यापिका बाई स्वतः मुक्कामाला येणार आहेत, पालकांना शनिवारी रान दाखवायला बोलवलंय. घोंगडी आत्तापर्यंत 21 जमली, बाकीच्यांसाठी गावात विचारतोय.

थांबे सात ठरलेत, त्यात 'पाणी वाढतंय' आणि दोर फेकणं दोन्ही आहे. आमच्याकडं महापूर तसा आला नाही पण कोयनेचं पाणी सोडलं की खालच्या गावांचं काय होतं हे मुलांना कळलं पाहिजे असं मला वाटतं. आता अडचण एवढीच की महापौर म्हणून उभं राहायला माझ्याकडं पाचच माणसं आहेत, दोन कमी पडतायत. जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी कुणी साताऱ्याकडं असेल तर कळवा.

यवतेश्वर_डोंगरवाट:

आगीच्या थांब्यावर मी उभा राहतो. घमेली आणि ओली पोती माझ्याकडं आहेत.

तासगाव_निवृत्त_मास्तर:

मी सकाळच्या पहिल्या एसटीनं निघतो. 'पाणी वाढतंय'च्या थांब्यावर मला ठेवा, वस्तूंची जुनी यादी अजून माझ्या वहीत आहे. आणि हळकुंडं विकत घेऊ नका सर, दोन किलो मी घेऊन येतोय.